आधी पाण्याची वाट, मग रेक्झिन

मारुती ८०० च्या दाराचं आतलं पॅड म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड, त्यावर ताणून चिकटवलेलं रेक्झिन आणि कडेनं प्लास्टिकच्या क्लिपा. लाकडाचे तंतू दाबून केलेला हा बोर्ड कोरडा असतो तोवर कडक राहतो. खालच्या कडेनं पाणी प्यायला लागला की फुगतो, त्याचे पदर सुटतात, क्लिपांची भोकं सैल होतात आणि पॅड दारापासून सुटून खडखडायला लागतं. मग रेक्झिन उचलतं. आपल्याला दिसतं ते रेक्झिन, म्हणून आपण म्हणतो रेक्झिन गेलं. गेलेला असतो बोर्ड, आणि बोर्ड ज्यानं घालवला ते पाणी दाराच्या आत असतं.

आमची ८०० एमएच ०९ पासिंगची, पहिल्यापासून आमच्याच घरात. कोल्हापूरचा पाऊस तिला रोजचाच, पण खरा पाऊस तिनं बघितला तो गगनबावड्याचा. माझं माहेर घाटाखाली वैभववाडीकडे, त्यामुळे भर पावसाळ्यात करूळ घाटाच्या फेऱ्या चुकत नाहीत. पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतली, त्यानंतरही केली. इंजिन चांगलं आहे, पत्रा चांगला आहे, आणि ही गाडी मला हवी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० मालकाच्या हाती पडली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. इंजिनाचे सुटे भाग अजून सहज मिळतात. दाराची पॅड मात्र मला मिळत होती ती भंगारातली, आणि तीही त्याच खालच्या कडेला कुजलेली.

शिवाजी उद्यमनगरात कुशनच्या कामात आयुष्य घालवलेले एक मामा आहेत. निघालेलं रेक्झिन दाखवायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी रेक्झिनकडे बघितलंच नाही. पॅडची खालची कड बोटांनी दाबली, तिचा भुगा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, वरनं कुठलंबी रेक्झिन लावा, टिकणार न्हाई. आदी दार उघडा, पाणी कुठनं येतंय बघा." घरीच करायचा विचार आहे म्हटल्यावर म्हणाले, "करा की. अडलं तर या." पुढचं सगळं काम मी त्यांच्या या एका वाक्याच्या आधारानं केलं, आणि त्यामुळेच ते नीट झालं असं मला वाटतं.

दार उघडणं अवघड नाही, पण क्रम हवा. आधी काच पूर्ण वर घेऊन काचेचं हँडल कुठल्या दिशेला थांबतं त्याचा फोटो काढला. परत बसवताना दोन्ही दारांची हँडल एकाच कोनात आली तर गाडी नीटनेटकी दिसते. हँडल काढायला स्क्रू नसतो. मागच्या बाजूला यू आकाराची एक छोटी तारेची क्लिप असते. जुन्या सुती धोतराची पट्टी हँडलच्या मागे सारायची आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे घासायची, की तिचे धागे क्लिपेत अडकतात आणि क्लिप टचकन उडते. ती कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून खाली चादर पसरून ठेवावी. मग हात टेकवायच्या हँडलचे दोन स्क्रू, आतून दार उघडायच्या कडीभोवतीच्या प्लास्टिकचा एक स्क्रू आणि लॉकची खुंटी पिळून बाहेर. उरतात त्या क्लिपा. पुट्टी मारायच्या रुंद पात्याला चिकटपट्टी गुंडाळून ते क्लिपेच्या अगदी शेजारी घालायचं आणि हलकेच उचलायचं. दोन क्लिपांच्या मधे जोर दिला तर बोर्ड वाकतो आणि क्लिप जागची हलत नाही. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून गाडी तासभर उन्हात ठेवून मगच हात घालावा. तरीही जुन्या क्लिपा तुटतातच, तेव्हा नव्या आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या.

पॅड निघालं आणि मामा काय म्हणत होते ते डोळ्यांना दिसलं. पावसाचं पाणी दाराच्या आत जाणारच. काचेच्या बाहेरून जी रबराची पट्टी असते ती पाणी अडवते, पण पूर्ण नाही. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी पट्टीच्या आतून खाली उतरतं, दाराच्या पोकळीत पडतं आणि तळाच्या कडेला ठेवलेल्या चिरांमधून बाहेर जातं. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच दार केलेलं असतं. आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात, त्यातून पाणी पॅडवर उडू नये म्हणून पत्रा आणि पॅड यांच्या मधे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या दारात तो कागद अर्धा होता. कधीतरी काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरचं काम झालं तेव्हा तो फाडून काढला असणार आणि पॅड तसंच वर लावलं असणार. त्यात तळाच्या चिरा चिखलानं आणि झाडाच्या बारीक पाल्यानं बुजलेल्या. पाणी आत साचत होतं आणि कागद नसल्यामुळे सरळ बोर्डाला लागत होतं.

दाराचा तळ साफ करायला मी झाडूचा हीर वापरला. तार वापरली तर रंग खरवडला जातो आणि तिथूनच गंज धरतो. पाण्याची बारीक धार सोडून प्रत्येक चिरेतून पाणी वाहतंय हे बघितलं, दार दोन दिवस उघडं ठेवून वाळवलं आणि जिथे गंजाची सुरुवात होती तिथे घासून प्रायमर मारला. काचेबाहेरची रबराची पट्टी कडक होऊन तडकली होती, ती बदलली. या सगळ्या कामाचा फोटो कुणी काढणार नाही, पण माझ्या मते अर्धं काम इथे आहे.

प्लास्टिकच्या कागदासाठी आपल्याकडे सोय चांगली आहे, कारण शेतीच्या दुकानात प्रत्येक जाडीचा कागद मिळतो. मल्चिंगचा कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा, तो हाताळतानाच फाटतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा, तो दाराच्या खोलगट भागात वळत नाही. हरितगृहाचा २०० मायक्रॉनचा कागद बरोबर मधला. जुन्या कागदाचा जो भाग उरला होता त्यावरून अंदाज घेऊन कापला आणि कडेनं ब्यूटाइल रबराची काळी चिकट टेप लावून बसवला. यात एक गोष्ट जिवापाड सांभाळायची. कागदाची खालची कड पत्र्याच्या बाहेर सोडायची नाही, ती पत्र्याच्या खालच्या फटीतून दाराच्या आत खोचायची. तसं केलं की कागदावरून ओघळणारं पाणी परत दाराच्या पोकळीत जातं आणि चिरांवाटे बाहेर पडतं. बाहेर सोडली तर तेच पाणी बोर्डाच्या कडेवर येऊन पडतं, आणि मग कागद असून नसल्यासारखाच.

आता बोर्ड. जुना बोर्ड दुरुस्त होईल का, हा विचार मी केला आणि सोडून दिला. फुगलेला हार्डबोर्ड दाबून परत मूळ जाडीवर येत नाही. नवा तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड प्लायवूडच्या दुकानात मिळतो, मोठ्या तक्त्यात पुढच्या दोन्ही दारांची पॅड सहज बसतात. अडचण आकाराची होती, कारण ड्रायव्हरच्या बाजूच्या पॅडचा खालचा कोपराच शिल्लक नव्हता. पण डावं आणि उजवं पॅड एकमेकांची आरशातली रूपं. डाव्या पॅडचा तो कोपरा शाबूत होता. ते उलटं ठेवून पेन्सिल फिरवली, मग उजव्या पॅडच्या धड राहिलेल्या वरच्या कडेशी पडताळून पाहिलं. क्लिपांची भोकं मात्र जुन्या पॅडवरून नाही, प्रत्यक्ष दारावरून घ्यावीत. दाराच्या भोकांत नव्या क्लिपा बसवल्या, त्यांच्या डोक्यांना खडू लावला, नवा बोर्ड जागेवर धरून दाबला. जिथे खडू उठला तिथे भोक. बारीक दातांच्या पात्यानं कापलं तर कड तुटत नाही, आणि कापल्यावर पॉलिश पेपरनं ती थोडी गोल करून घ्यावी. धारदार कडेवर ताणलेलं रेक्झिन पुढे तिथेच चिरतं.

बोर्डाला पाण्यापासून वाचवायचं तर नुसतं मागून वॉर्निश मारून भागत नाही. हार्डबोर्ड सगळ्यात जास्त पाणी कडेतून पितो. भोकांच्या आतल्या कडाही त्यातच आल्या. मी मागची बाजू, सगळ्या कडा आणि सगळी भोकं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे दोन हात देऊन बंद केली. पुढच्या बाजूला वॉर्निश मुद्दाम लावलं नाही, कारण तिथे रेक्झिन चिकटवायचं रबराचं सोल्युशन धरायला हवं. तिथे सोल्युशनच थिनरनं पातळ करून एक हात दिला. एकच बाजू रंगवून दुसरी कोरी ठेवली तर बोर्ड वाकतो, त्यावरही हाच उपाय. वॉर्निश पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागतं. घाई करण्यासारखं या कामात काहीच नाही.

रेक्झिन निवडताना रंगाइतकंच त्याच्या पाठीकडे बघावं. आज मिळणारं बहुतेक रेक्झिन पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात तेलासारखे पदार्थ मिसळून ते मऊ करतात. उन्हात बंद गाडीत हे पदार्थ हळूहळू बाहेर येतात. गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो त्यातला बराच भाग तोच, आणि हेच पदार्थ रबराच्या सोल्युशनमध्ये शिरून त्याची पकड ढिली करतात. म्हणून मागे विणलेलं कापड असलेलं रेक्झिन घ्यावं. सोल्युशन त्या कापडाला धरतं, पीव्हीसीशी त्याचा थेट संबंध कमी येतो. मी राखाडी घेतलं. काळं उन्हात फार तापतं. रुंदी चोपन्न इंच असते, त्यामुळे चारही दारांचे आकार एकाच ताग्यावर बसवून मग मीटर ठरवले. नंतर परत घ्यायला गेलं तर त्याच नावाच्या दुसऱ्या ताग्याची छटा वेगळी निघते.

दुकानात आणखी एक विचारावं, हे गाडीसाठीचं आहे का. गाडीच्या आतलं सामान किती वेगानं जळावं यावर आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. पिशव्यांसाठीचं स्वस्त रेक्झिन त्यात बसेलच असं नाही. ज्या डब्यात आपण पोराबाळांना घेऊन बसतो त्याच्या भिंती कशाच्या आहेत हे विचारायला संकोच कसला.

मूळ पॅडवर ज्या दाबलेल्या रेघा असतात त्या उच्च वारंवारितेच्या विजेनं रेक्झिन वितळवून उमटवतात. ते घरी होत नाही. मी त्या जागी शिलाईच्या रेघा घेतल्या. सासूबाईंचं उषाचं पायमशीन आहे, त्यावर अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा जाड दोरा. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटतं आणि पुढे सरकत नाही, म्हणून वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवायचं आणि नंतर ती फाडून काढायची. टाके लांब ठेवायचे, चार मिलिमीटरच्या आसपास. सासूबाई शेजारी बसून हेच सांगत होत्या, "टाका बारीक घेऊ नकोस गं, रेक्झिन कापडासारखं मिटत नाही, भोक राहतं ते राहतंच." बारीक टाक्यांच्या ओळीवरून रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. शिलाई रेक्झिन आणि फोम यांची एकत्र केली. फोम पॅडच्या फक्त वरच्या निम्म्या भागाला, तोही बंद छिद्रांचा तीन मिलिमीटरचा. साधा गादीचा फोम पाणी धरून ठेवतो आणि काही वर्षांनी दमट हवेत त्याची पिवळी पूड होते. जुन्या गाड्यांच्या टपाचं कापड लोंबायला लागतं त्यामागेही बहुतेक वेळा हीच पूड असते.

खुणा करताना बॉलपेन वापरू नये. मागच्या बाजूला ओढलेली बॉलपेनची रेघ काही महिन्यांत पीव्हीसीमधून पुढे उमटते आणि मग निघत नाही. पेन्सिल किंवा शिंप्याचा खडू.

सोल्युशन लावायचा दिवस मी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेतला धरला. पावसाळ्यात हे काम करू नये, आणि त्याला कारण आहे. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा दमट असेल तर त्या थंड थरावर बाष्प धरतं. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण चिकटण्याच्या आड येतं. मी चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानातून फेविकॉलचं एसआर ९९८ आणलं. कोल्हापुरात चिकटवण्याचं ज्ञान हवं असेल तर चप्पल करणाऱ्यांना विचारावं. त्यांनीच सांगितलं, कापड-पाठीच्या रेक्झिनला हे चालेल, पण नुसतं पीव्हीसी चिकटवायचं असेल तर पीयूचं सोल्युशन घ्या.

हे काम गच्चीवर केलं. सोल्युशनची वाफ पेट घेते आणि डोकं दुखवते. स्वयंपाकघर, देवाचा दिवा, उदबत्ती या सगळ्यांपासून लांब. दोन्ही बाजूंना, म्हणजे बोर्डालाही आणि रेक्झिनच्या पाठीलाही, पत्र्याच्या पट्टीनं पातळ थर ओढायचा. मग थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट लागावं पण बोटाला काही येऊ नये, अशी वेळ आली की मगच दोन्ही एकत्र आणायची. त्या हवेत याला दहा-पंधरा मिनिटं लागली. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मधे बटर पेपर ठेवून जागा जुळवली, मधली शिलाईची रेघ बोर्डावरच्या पेन्सिलच्या रेघेवर आणली आणि कागद थोडा थोडा मागे ओढत मधून कडेकडे हातानं दाबत गेले. लाटण्याला फडकं गुंडाळून वरून फिरवलं.

कडा हे नाजूक काम. बोर्डाच्या मागे दोन सेंटिमीटर रेक्झिन वळवायचं. बाहेरच्या गोलाईवर रेक्झिन जास्त होतं, तिथे त्रिकोणी खाचा काढायच्या. आतल्या गोलाईवर कमी पडतं, तिथे सरळ चिरा द्यायच्या. दोन्हीकडे कात्री कडेच्या चार-पाच मिलिमीटर आधी थांबली पाहिजे, नाहीतर चीर पुढे दिसते. कोपऱ्याला केस वाळवायच्या ड्रायरची ऊब दिली की रेक्झिन मऊ होतं आणि ताणून बसवता येतं. ताण सगळीकडे सारखा हवा. एका बाजूला जास्त ओढलं तर उन्हाळ्यात तीच बाजू आधी मागे सरकते. बंद गाडी उन्हात उभी असताना आतला पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो, आणि त्या उष्णतेत सोल्युशन थोडं मऊ पडतंच. म्हणून वळवलेल्या कडेला नुसत्या सोल्युशनवर न ठेवता मागून छोट्या स्टेपल पिना मारल्या, पुढून बाहेर येणार नाहीत इतक्या आखूड.

काचेच्या हँडलच्या दांड्यासाठी आणि स्क्रूंसाठी रेक्झिनला भोकं पुढून मोजून पाडायची नाहीत. पॅड तयार झाल्यावर मागून बोर्डाच्या भोकातून आरी टोचायची, ती पुढे जिथे निघेल तिथे बारीक फुलीची चीर. गरजेपेक्षा लहान चीर वाढवता येते. पॅड बसवताना आधी वरची कड काचेच्या फटीत अडकवायची आणि मग क्लिपा वरून खाली एकेक करून तळहातानं दाबायच्या. हँडलची क्लिप आधी हँडलमध्ये बसवून ठेवायची, मग हँडल दांड्यावर धरून एक थाप मारली की ते आपोआप बसतं.

बसवल्यावर बागेच्या पाइपानं काचेवर बराच वेळ पाणी सोडलं. खालच्या चिरांमधून धार लागली आणि पॅडच्या मागे बोट घालून बघितलं तर कोरडं. मामांना गाडी नेऊन दाखवली. त्यांनी या वेळीही आधी पॅडची खालची कड दाबून बघितली, मग वाकून दाराच्या तळाकडे. "आता लावा कुठलंबी रेक्झिन," म्हणाले.

नव्या गाडीवर हे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र ठासून सांगते. आमच्या ८०० मध्ये एअरबॅग नाहीत, म्हणून मला मोकळीक होती. ज्या गाड्यांत सीटच्या बाजूला, दारात, खांबांत किंवा टपाच्या कडेला एअरबॅग असतात, तिथल्या पॅनेलवर नवं आवरण चढवायचं नाही. एअरबॅग उघडताना ते पॅनेल ठरलेल्या जागी फाटावं किंवा सुटावं लागतं, आणि वरून ताणून चिकटवलेला थर त्याच्या आड येतो. पॅनेलवर एअरबॅगची खूण असेल तर त्याला हातच लावू नये. सीटवर कव्हर घालतानाही हेच बघावं.

मागच्या दोन दारांची पॅड वरून चांगली दिसतात. पण मी ती काढून बघितली, आणि एका दारात कागद नाही. रेक्झिनचे तुकडे कापून ठेवले आहेत, कागद आणि टेप घरात आहे. सध्या त्या दाराला कागद तेवढा लावून, खालची कड आत खोचून, जुनंच पॅड परत चढवलं आहे. बोर्ड आणि रेक्झिनचं काम पाऊस संपल्यावर.